कोलेस्टेरॉलचा वाद आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात औषधाच्या डबीच्या रूपाने वसतीला आला आहे. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू करावी, चार दिवसांनी एखाद्या आप्ताने ‘हे सारे औषधकंपन्यांचे थोतांड आहे’ असे सांगावे, आणि घरच्या कर्त्या माणसाने कोणास न विचारता ती गोळी बंद करावी, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. म्हणून या वादात सत्यांश कोठे आहे आणि अतिरेक कोठे आहे, याचा विचार शांतपणे करणे अगत्याचे आहे.

कोलेस्टेरॉल हा मुळात शत्रू नव्हे. आपले यकृत तो पदार्थ स्वतः तयार करते आणि शरीरातील प्रत्येक पेशीला त्याची गरज असते. तो रक्तात प्रमाणाबाहेर साचला की रक्तवाहिन्यांच्या भिंतींत बसतो, हे १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांवर प्रयोग करून दाखविले. ससा हा शाकाहारी प्राणी, तेव्हा त्याचा न्याय माणसाला कसा लावावा, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. पुढे १९५३ साली अमेरिकेतील अँसेल कीज यांनी सहा देशांचे आकडे मांडून आहारातील स्निग्धांश आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचा संबंध जोडला. त्यावर १९५७ साली येरुशल्मी आणि हिलेबो यांनी विचारले की, बावीस देशांचे आकडे उपलब्ध असता सहाच का घेतले? प्रश्न रास्त होता. बावीस देश घेतल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला, जरी तो नाहीसा झाला नाही.

शंकेखोरांच्या पदरी आणखी एक बळकट पुरावा होता. क्लोफायब्रेट नावाच्या औषधाची मोठी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झाली. तिचा निष्कर्ष १९७८ साली बाहेर आला. कोलेस्टेरॉल उतरले, हृदयाचे झटकेही काहीसे घटले, परंतु एकूण मृत्यू मात्र वाढले. तेव्हा ‘रक्तातला आकडा उतरवून माणूस अधिक जगतो काय, ते दाखवा’ ही मागणी दुराग्रहाची नव्हती. किंबहुना ती शास्त्राचीच मागणी होती.

या मागणीला उत्तर मिळाले ते बुरशीतून. जपानमधील अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरशी तपासून १९७३ साली पहिले स्टॅटिन हाती घेतले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोग्यांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. पाच वर्षांहून किंचित अधिक काळात औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ जण दगावले, तर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२. मृत्यू उघडपणे घटले.

येथे आकड्यांची एक गंमत नीट ध्यानी घ्यावी. समर्थक म्हणतात, मृत्यू शेकडा ३० ने घटले. विरोधक म्हणतात, शंभरांतले बारा मरत होते ते आठ मरू लागले, म्हणजे लाभ केवळ चौघांचा. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती एकाच गोष्टीची दोन मापे आहेत. ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी चार हा आकडा लहान नव्हे. ज्यांचा धोका मुळात थोडा आहे, त्यांना मात्र लाभही थोडा मिळतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार अशा हजार लोकांत पाच वर्षांत सुमारे अकरा मोठे आघात टळतात. तेवढ्यासाठी रोज गोळी घ्यावी काय, याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतो. वादाचे खरे क्षेत्र एवढेच आहे.

अतिरेक कसा होतो, त्याची दोन उदाहरणे पाहा. २०१३ साली ब्रिटनमधील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकातील दोन लेखांत स्टॅटिनमुळे शेकडा १८ ते २० लोकांना त्रास होतो, असे विधान आले. ज्या पाहणीवरून ते केले, तिच्यात तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता. २०१४ साली ते विधान मागे घेण्यात आले. त्याच २०१३ साली ऑस्ट्रेलियात सरकारी दूरचित्रवाणीवर स्टॅटिनविरोधी कार्यक्रम झाला. त्यानंतरच्या काही महिन्यांत ही औषधे अपेक्षेपेक्षा सुमारे पाच लाख वेळा कमी दिली गेली, असा अंदाज संशोधकांनी २०१५ साली मांडला. कार्यक्रम पुढे काढून टाकण्यात आला. सोडलेली गोळी मात्र सर्वांनीच पुन्हा हाती घेतली असेल, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग दुष्परिणाम खोटे काय? नव्हेत. सेरिव्हास्टॅटिन हे औषध स्नायूंच्या घातक विकारामुळे २००१ साली बाजारातून काढावे लागले. मधुमेहाचा धोका स्टॅटिनने किंचित वाढतो, हेही मान्य झाले आहे. परंतु २०२० साली लंडनमधील संशोधकांनी, त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांवर एक मार्मिक प्रयोग केला. काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी नकली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असा तो क्रम होता. त्रासाचे सरासरी गुण गोळीविना ८, नकली गोळीने १५.४ आणि स्टॅटिनने १६.३ भरले. वेदना खऱ्याच होत्या. त्यांचे कारण बहुतांशी भीती होते, औषध नव्हे. हे कळल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. २००४ सालच्या एका जागतिक अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ आढळले. इतर प्रदेशांच्या मानाने ते पाच-सहा वर्षांनी अलीकडे होते. घरातील मुलामुलींची शिक्षणे नि लग्नकार्ये व्हायची असतात, त्याच वयात हा घाला पडतो.

आमची विनंती एवढीच आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन प्रश्न निःसंकोच विचारा. माझा धोका शंभरांत किती? या औषधाने तो किती उतरेल? त्रास झाल्यास मात्रा किंवा औषध बदलता येईल काय? तंबाखू सोडणे, रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवणे आणि रोज चालणे, यांना गोळी पर्याय नाही, आणि झटका येऊन गेलेल्यांना त्यांच्याने गोळीची उणीव भरून निघत नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपण म्हणतो. परंतु ज्या बाबतीत कुटुंबाचा आधार पणाला लागतो, तेथे मनाने आधी जाणत्याला विचारावे. शंका घ्या, अवश्य घ्या. परंतु ती डॉक्टरांसमोर मांडा आणि त्यांचा सल्ला घेतल्यावाचून गोळी बंद करू नका.