दीडशेचा स्पायडरमॅन, अडीच हजारांचा स्पायडरमॅन: हातात घेऊन बघायचं काय?

आजचा भाग खेळण्यांवर आहे. पण खिशातून पैसे खरेच जातात, म्हणून जरा नीट ऐका.

झालं असं, की आपल्या एका श्रोत्याने दोन फोटो पाठवले. दोन्हीत स्पायडरमॅन. एक जत्रेत दीडशेला घेतलेला, दुसरा मोबाईलवर अडीच हजारांना दिसलेला. खाली प्रश्न होता, "भाऊ, फरक काय शे? दोन्ही प्लॅस्टिकच शेतस ना!"

प्रश्न रास्त आहे. साक्रीत बसून तर जास्तच रास्त. कारण असली फिगर बाहेर काढून, हातपाय हलवून दाखवेल असं दुकान आपल्याकडे मला तरी माहीत नाही. मग उरतं काय? गावातलं गिफ्ट-स्टेशनरीचं दुकान, सारंगखेड्याची किंवा धुळ्याच्या एकविरा देवीची यात्रा, नाहीतर फोन. यात्रेत हात लावता येतो, पण माल परत घेत नाहीत. फोनवर परत करता येतं, पण हात लावता येत नाही. म्हणजे वस्तू हातात आली की पाच मिनिटांत पारख करायची सवय हवी. यात्रेत पैसे देण्याआधी, आणि ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची मुदत संपण्याआधी.

सगळ्यात आधी सांधे बघा. चेहरा नाही, बॉक्स नाही, सांधे. साध्या बाहुल्याला पाच ठिकाणी हालचाल असते: मान, दोन खांदे, दोन मांड्या. हॅस्ब्रोच्या मार्व्हल लिजंड्ससारख्या सहा इंची फिगरला यावर कोपर, गुडघे, घोटे, मनगटं, कंबर असं बरंच काही असतं. कोपरा-गुडघ्याला तर बहुतेक वेळा दुहेरी सांधा असतो, म्हणून पाय पूर्ण दुमडतो. स्पायडरमॅनला हे लागतंच भो! जो उकिडवा बसू शकत नाही तो स्पायडरमॅन कसला, तो बँकेच्या रांगेत उभा असलेला माणूस झाला.

मग करायचं काय, तर हात आडवा उचलून सोडा. हळूहळू खाली आला, तर खांदा सैल आहे. दोन पायांवर उभा करा, मग एक पाय थोडा पुढे घ्या. घोटा सैल असेल तर आत्ताच पडेल, आणि घरी कपाटावरून रोज पडेल. सांधा अगदीच घट्ट असेल तर जोर लावू नका. पिळवटून खिळी तुटते. हेअर ड्रायरची थोडी गरम हवा दिली की प्लॅस्टिक नरमतं आणि सांधा सुटतो. विकत घेताना मात्र बघा, की वाकवल्यावर सांध्याजवळ पांढरी रेघ उमटते का. उमटली, तर प्लॅस्टिक तिथे ताणलंय, पुढे तिथेच तुटणार.

नंतर रंग. डोळ्यांच्या कडा बघा, रंग बाहेर सांडलाय का. निळा भाग आणि लाल भाग जिथे भेटतो ती रेघ सरळ आहे का. आणखी एक गोष्ट फार लोक बघत नाहीत. रंग वरून मारलाय, की प्लॅस्टिकच त्या रंगाचं आहे? कोपर दुमडून आत बघा. आत वेगळाच रंग दिसला, तर वरचा थर घासून महिन्याभरात जाणार. दंडाच्या बाजूने बोट फिरवा, साच्याची रेघ बोचते का. फिगर नाकाजवळ न्या. रॉकेलसारखा उग्र वास येत असेल, तर माझ्या मते ती तिथेच ठेवून द्यावी.

आता हे सगळं तुमच्या-माझ्यासाठी. लहान भावासाठी किंवा भाच्यासाठी घेत असाल तर क्रम बदलतो. पोरगं हात हलवून बघणार नाही, ते आधी तोंडात घालणार. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. साध्या, बॅटरी नसलेल्या खेळण्यासाठी आयएस 9873 हा नंबर असतो. याच मानकाच्या वेगवेगळ्या भागांत टोकदार कडा, सुटे होणारे तुकडे, रंगातलं शिसं, प्लॅस्टिक मऊ करणारे थॅलेट हे सगळं येतं. मार्कच्या खाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाका, परवाना कोणाचा आहे ते समोर येतं. नुसतं चिन्ह कोणीही छापू शकतो, नंबर तपासला की पितळ उघडं पडतं. यात्रेतल्या पिशवीबंद सुपरहिरोवर मला हा मार्क क्वचितच दिसतो. मोठ्यांना शेल्फवर ठेवायला तो माल चालेल. दात येणाऱ्या पोराला नको.

मग अडीच हजार कशाचे? सगळेच काही सांध्यांचे नाहीत. त्यात मार्व्हलला द्यायचं लायसन्सचं भाडं आहे. आयात शुल्क आहे: खेळण्यांवरचं हे शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. शिवाय खिडकीचा बॉक्स आहे, दुकानदाराचा नफा आहे. आयात केलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेलं किंवा स्टिकरवर असायलाच हवं. एमआरपी अडीच हजार आणि विकणारा चार हजार मागतोय, तर "रेअर आहे भाऊ" ऐकून घ्या आणि पुढे चला. आणि हजाराला "ओरिजिनल, फक्त बॉक्स नाही" असं कोणी म्हणालं, तर पायाचा तळवा किंवा पाठ बघा. असली मालावर कंपनीचं नाव, साल बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. तिथे गुळगुळीत असेल, तर बहुतेक डुप्लिकेट.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. 'ॲक्शन फिगर' हा शब्दच धंद्यातून आला. 1964 मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जो आणला, तेव्हा अमेरिकेत पोरं 'डॉल' घेणार नाहीत म्हणून हे नाव काढलं. आपण बिनदिक्कत बाहुला म्हणतो, काही बिघडत नाही. तोच जी. आय. जो पुढे भारतात एमआरएफच्या फनस्कूल कंपनीने काढला. त्यांचा कारखाना गोव्यात. नव्वदच्या दशकातल्या पोरांनी त्या पावणेचार इंची सैनिकांना मातीत पुरलंय, फटाक्यांनी उडवलंय. त्यांचे रंग कधी मूळ अमेरिकन फिगरपेक्षा भलतेच असायचे. आज परदेशातले संग्राहक नेमके ते भलते रंगच शोधत असतात. म्हणजे दर्जा बाहुल्यात असतो, तो हाताला कळतो. भाव मात्र घेणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि तीस वर्षांनी कोणाच्या डोक्यात काय येईल हे कोण सांगणार?

म्हणूनच रील्समध्ये "फिगर म्हणजे इन्व्हेस्टमेंट" सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. फनस्कूलचे ते सैनिक महाग झाले, कारण ते जपून ठेवावेत असं कोणाला वाटलंच नव्हतं. आज हजारो लोक बॉक्स न उघडता ठेवताहेत, मग दुर्मीळ काय होणार? आणि साक्रीतून विकायचं म्हटलं तर कुरिअर, कमिशन, बॉक्सला पडलेला पोचा, सगळं तुमच्याच अंगावर. घ्यायचा तर बॉक्स फोडून खेळायला घ्या.

घेतल्यावर आपल्याकडे खरा दुश्मन एकच, ऊन. मे महिन्यात पत्र्याच्या घरात काय भट्टी होते ते मी तुम्हाला काय सांगू! पाय बहुतेक मऊ पीव्हीसीचे असतात, उष्णतेने ते वाकतात आणि फिगर दारू प्यायल्यासारखी पुढे झुकते. तसं झालं तर फेकू नका. पाय गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, सरळ करा, तसाच धरून थंड पाण्यात घाला. बाईकच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. खिडकीतल्या उन्हात पांढरा भाग पिवळा पडतो, आणि तो पूर्वीसारखा करणं अवघड.

तर फोटो पाठवणाऱ्या भाऊला उत्तर: तुझ्या दीडशेच्या स्पायडरमॅनला फोटोत पाचच सांधे दिसताहेत आणि डावा डोळा गालावर आलाय. दीडशेला ठीक आहे. अडीच हजारवाल्याच्या पानावर घोट्याचा जवळून काढलेला फोटो नाही. तो आधी विक्रेत्याकडून मागव, आला की मला पाठव, मग बोलू. चला, येतो. राम राम!