किलोवर विकण्याआधी: जुना स्नेअर ड्रम कसा ओळखायचा?

मी नांदगावचा. बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम वाजवतो. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

आजचा विषय जुने स्नेअर ड्रम. आपल्या बँडवाल्यांच्या भाषेत साईड ड्रम. वर एक पान, खाली एक पान, आणि खालच्या पानाला चिकटून ताणलेल्या तारा. काठी वर पडते, तारा खाली थरथरतात आणि तो 'कड्कड्' आवाज येतो. ताशाला अशा तारा नसतात, म्हणून दोघांचा आवाज वेगळा.

आता हा विषय का? कारण लग्नसराईत डीजे आला आणि अनेक बँड बंद पडले. माळ्यावरचे ड्रम मोडीत जातात, पितळाच्या भावाने, किलोवर. दुसरीकडे मुंबई-पुण्यात आपल्याच वयाची पोरं ऑनलाइन 'व्हिंटेज' हा शब्द वाचून वाट्टेल तेवढे पैसे देतात. एकाला आपल्याकडे काय आहे ते माहीत नाही, दुसऱ्याला आपण काय घेतोय ते माहीत नाही.

आधी, हे ड्रम आपल्याकडे आले कुठून? देवळालीला ब्रिटिशांची मोठी छावणी होती. फौज आली की बँड आलाच. इगतपुरी, भुसावळला रेल्वेची अँग्लो-इंडियन वस्ती होती, त्यांचे डान्स व्हायचे. मुंबईत हॉटेलांचे जॅझ बँड आणि सिनेमाचे स्टुडिओ होते, तिथे गोव्याचे आणि पारशी वादक वाजवायचे. कावस लॉर्ड, लेस्ली गोदिन्हो ही त्यातली मोठी नावं. इंग्लंडची प्रीमियर कंपनी १९२२ ची, शिकागोची लुडविग १९०९ ची. आणि देशी माल म्हणाल तर मेरठ. बँडची वाद्यं बनवणारं आपल्या देशातलं सगळ्यात प्रसिद्ध गाव.

दुसरी गोष्ट, १९९१ च्या आधी परदेशी वस्तू आणणं फार अवघड होतं. पार्ट तुटला की मागवायचा कुठून? लेथवाल्याकडून करून घ्यायचा. म्हणून आपल्याकडच्या जुन्या परदेशी ड्रममध्ये एखादा तरी भाग बदललेला असणार, असं धरूनच बघायला सुरुवात करा. बदललेला असणं हा गुन्हा नाही. मी एकच प्रश्न विचारतो, आमच्या ऑफिसच्या भाषेतला: हा बदल रोलबॅक होतो का? म्हणजे उद्या मूळ पार्ट मिळाला तर ड्रम पुन्हा होता तसा करता येईल का? किंमत बरीचशी या उत्तरावर ठरते.

चला, एकेक भाग बघू.

पहिला शेल, म्हणजे ड्रमचं अंग. मोबाईलचा टॉर्च लावा आणि आतून बघा. भोकं मोजा. प्रत्येक भोकात काहीतरी बसलेलं आहे का? रिकामं भोक किंवा बुजवलेलं भोक म्हणजे तिथे कधीतरी दुसरं काहीतरी होतं. भोक पाडलं की रोलबॅक नाही. पुन्हा क्रोम चढवलं, रंग दिला, तरी नाही.

मग चुंबक लावा. चिकटला तर लोखंड किंवा स्टील. नाही चिकटला तर पितळ किंवा अॅल्युमिनियम, आणि ते वजनावरून कळतं. पितळ अॅल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं. लुडविगच्या सुप्राफोनिक मॉडेलमध्ये हा फरक फार महत्त्वाचा. साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचे ड्रम पितळेचे, ते कमी आहेत आणि महाग आहेत. १९६३ च्या सुमारास अॅल्युमिनियम आलं. अॅल्युमिनियमवरच्या क्रोमला बारीक पुटकुळ्या येतात, ते त्या ड्रमचं नेहमीचंच दुखणं आहे. ते बघून 'नकली आहे' म्हणू नका.

दुसरा बिल्ला. साठच्या दशकातल्या बऱ्याच लुडविगच्या बिल्ल्यावर नंबर असतो. पण तो आपल्या डेटाबेसच्या आयडीसारखा ओळीने वाढत गेलेला नाही. कामगार पेटीतून हाताला येईल तो बिल्ला लावायचे. म्हणून नंबरवरून अंदाजे काळ कळतो, नेमकं साल नाही. 'नंबर बघा, पक्कं १९६४!' असं कुणी म्हणालं तर बाकीचे भागही तेच सांगतात का ते बघा. बिल्ल्याच्या मधली रिंग उचकटलेली दिसली तर बिल्ला दुसऱ्या ड्रमचा असू शकतो.

तिसरा स्ट्रेनर, म्हणजे तारा सैल-घट्ट करणारा खटका. सगळ्यात जास्त वापर याचाच, म्हणून सगळ्यात आधी हाच तुटतो आणि बदलला जातो. सुप्राफोनिकवर साठच्या दशकात पी-८३ नावाचा खटका असायचा, पुढे पी-८५ आला. समोरच्या बाजूला तारांचं दुसरं टोक धरणारा तुकडा असतो, त्याला बट म्हणतात. दोघं एकाच घरचे दिसतात का? नसतील तर खालची भोकं तपासा.

चौथं, रिंगा आणि बोल्ट. सगळ्यांवरची झीज सारखी असायला हवी. एकच बोल्ट चकाचक म्हणजे तो नवा पाहुणा. आणि एक सांगतो, इंग्लिश प्रीमियरचे आटे आणि अमेरिकन ड्रमचे आटे वेगळे असतात. बोल्ट हाताने फिरत नसेल तर पाना लावून जबरदस्ती करू नका. आटे गेले की गेले.

पानं आणि तारा मात्र सोडून द्या. त्या झिजणाऱ्याच वस्तू. प्लॅस्टिकची पानं बाजारात आली ती १९५७ च्या आसपास, त्याआधी कातडंच होतं. जुन्या ड्रमवर नवं पान असलं म्हणून फारसं काही बिघडत नाही.

आता खरंखुरं उदाहरण. आमच्या तालुक्यातल्या एका बँडमालक काकांकडे तीन ड्रम होते. मोडवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. पहिला मेरठचा, पितळी. दुसरा प्रीमियर, पण अंगावर दोन जादा भोकं. तिसराही प्रीमियर, त्याच्यावर भलताच खटका.

मी विचारलं, "काका, हा खटका कुणी बसवला?"

"मीच रे. पार्ट कुठं मिळायचा तेव्हा? लेथवाल्याकडून करून घेतला. पण भोकं जुनीच वापरली हां."

"मग जुना कुठंय?"

काकूंनी खिळ्यांचा डबा आणला. त्यात तो खटका होता, स्प्रिंग तुटलेला. स्प्रिंग साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. तिसरा ड्रम पूर्ण मूळ रूपात आला. दुसरा वाजवायला उत्तम, फक्त संग्राहकाची किंमत त्याला येणार नाही. आणि मेरठचा? परदेशात त्याला कुणी विचारणार नाही, पण मोडीच्या भावापेक्षा चालू बँडमध्ये त्याची किंमत नक्की जास्त. तो एका शाळेच्या बँडला गेला. मोडवाला रिकाम्या हाताने परतला.

किंमत काढायची कशी? विकणाऱ्यानं मागितलेली किंमत बघू नका. ईबेवर 'सोल्ड' असा फिल्टर असतो, तिथे प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती दिसतात. तेच मॉडेल, तीच अवस्था शोधा. परदेशातून घेत असाल तर वाहतूक आणि कस्टम ड्युटी धरा. आणि वाजवायलाच हवाय तर नावाच्या मागे धावू नका. लुडविगचा अॅक्रोलाइट हा विद्यार्थ्यांसाठी काढलेला ड्रम, सुप्राफोनिकला दहा लग तर याला आठ, क्रोमही नाही. पण अंग तसंच अॅल्युमिनियमचं. आवाज सुप्राफोनिकच्या खूप जवळ जातो आणि पैसे कमी लागतात.

शेवटचं. घरात जुना ड्रम असेल तर पॉलिश मारू नका. काढलेला प्रत्येक पार्ट, तुटका असला तरी, पिशवीत घालून ड्रमलाच बांधून ठेवा. विकताना काय बदललंय ते स्वतःहून सांगा. जाणकार गिऱ्हाईक टॉर्च घेऊनच येतं, आणि खरं सांगणाऱ्याकडे ते परत येतं.

तुमच्याकडे असा ड्रम असेल तर फोटो पाठवा: आतून एक, बिल्ल्याचा एक, खटक्याचा एक. आणि त्याआधी घरातला खिळ्यांचा डबा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!