पाचावर तीन त्रेपन्न



शिक्षणाविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे आपल्याकडे वक्ता बहुधा वरच्या टोकाने आरंभ करतो. विश्वविद्यालये, परीक्षांचे निकाल, शिक्षणाचे माध्यम, पदवीधरांची बेकारी या विषयांवर घरोघर चर्चा चालते, आणि ती चालावी हे योग्यच आहे. परंतु दुसरीच्या वर्गात काय चालते असे कोणी विचारले, तर "तेथे काय चालावयाचे? पाढे, बेरजा आणि दंगा!" असे उत्तर मिळून विषय संपतो. आज मी आपणाला या दुसरीच्या वर्गातच नेणार आहे; तोही शहरातला नव्हे, तर पैठणच्या रस्त्यावरील बिडकीन या गावचा. आणि तेथील नानाविध व्यवहारांपैकी एकच आपल्यापुढे मांडणार आहे. तो म्हणजे एकवीसपासून नव्याण्णवपर्यंतचे आकडे ऐकून लिहिणे.

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास निघालेल्या प्रवाशाला वाटेत बिडकीन लागते. पूर्वी हे नाव पैठणच्या वाटेवरील एक गाव म्हणून ठाऊक असे; अलीकडे ते वर्तमानपत्रांत येते ते औद्योगिक क्षेत्रामुळे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी हे क्षेत्र राष्ट्रास अर्पण करण्यात आले. त्याचा विस्तार ७,८५५ एकर. गावातील मुलांच्या कानांवर हा आकडा केव्हा ना केव्हा पडणारच. सुदैवाने त्यातील शेवटचे दोन अंक सारखेच आहेत, म्हणून तो ऐकून लिहिताना कोणाची उलटापालट व्हावयाची नाही. यात सुदैव कसले, ते लवकरच ध्यानात येईल.

अशा गावातील शाळेचा दुसरीचा वर्ग क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. मुले सात वर्षांची. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी दखनी, कोणाच्या घरी बंजारा बोली. परिपाठ झाला, हजेरी झाली, कोणाची पेन्सिल हरवली आणि कोणाची सापडली. भिंतीशी काड्यांचे गठ्ठे ठेवलेले आहेत. दहा दहा काड्या रबराने बांधलेल्या, त्यांना दशक म्हणावयाचे, आणि सुट्या काड्यांना एकक. दुपारच्या खिचडीस अद्याप अवकाश आहे. बाई म्हणतात, "पाट्या घ्या. लिहा, त्रेपन्न." मुले माना खाली घालतात आणि खडूंचा आवाज होतो. पाट्या वर झाल्या म्हणजे बऱ्याच पाट्यांवर ५३ असते. पण दोन-चार पाट्यांवर स्वच्छ, सुबक अक्षरात ३५ लिहिलेले असते.

दुसरीला शिकविलेल्या कोणत्याही शिक्षकास विचारावे, ही चूक त्याच्या परिचयाची असते. तिचे नवल पुढेच आहे. ज्या मुलाने ३५ लिहिले, त्याच्यापुढे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवाव्यात. ते बरोबर मोजते. त्याला ५३ हा अंक दाखवून "यात दशक किती?" असे विचारावे; ते "पाच" म्हणते. म्हणजे संख्या त्याला कळते, अंकही कळतो. अडते ते शब्दापाशी. मूल ऐकते तो पहिला आवाज 'त्रे', म्हणजे तीन. आणि जे आधी ऐकले ते आधी लिहावे, ही सवय त्याला त्याच बाईंनी शुद्धलेखनाच्या तासाला लावलेली असते. 'कमळ' या शब्दात 'क' आधी ऐकू येतो, आधी लिहितात. 'त्रेपन्न' मध्ये तीन आधी ऐकू येतात, आणि लिहावयाचे मात्र मागाहून! मुलाने नियम मोडलेला नाही. तो जरुरीपेक्षा अधिक निष्ठेने पाळला आहे.

ही रीत आपल्याकडे संस्कृतातून प्राकृतामार्गे आली. एकविंशतीत 'एक' आधी आणि 'विंशति' मागून. त्याचेच आपले एकवीस झाले. जुने गणिती तर अंकांची गती उजवीकडून डावीकडे असते असेच मानीत. त्यांना त्यात अडचण नव्हती. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर घासून या शब्दांचे सांधे इतके गुळगुळीत झाले की आत कोण बसले आहे तेच ओळखू येईना. एकट्या दोनाची सोंगे पाहावीत. बावीस म्हणताना तो 'बा' होतो, बत्तिसात 'ब', बेचाळिसात 'बे', बावन्न, बासष्ट, बाहत्तर यांत पुन्हा 'बा', आणि ब्याऐंशी व ब्याण्णव यांत 'ब्या'. सबंध रांगेत 'दोन' हा शब्द एकदाही येत नाही. पन्नासाचीही तीच गत: एक्कावन्न आणि बावन्न यांत त्याचा 'वन्न', लगेच त्रेपन्न आणि चोपन्न यांत 'पन्न', पंचावन्नात पुन्हा 'वन्न', छप्पन्नात पुन्हा 'पन्न', आणि सत्तावन्नात परत 'वन्न'. याला नियम विचारू नये.

त्यात 'एकोण' या शब्दाची भर. एकोणतीस म्हणजे तिसास एक उणा. मूल ऐकते 'एक' आणि 'तीस'. लिहावयाचे असतात दोन आणि नऊ. ऐकलेल्यापैकी एकही अंक लिहिलेल्यात नाही! बरे, हा क्रम एकोणीस, एकोणतीस असा एकोणनव्वदपर्यंत नीट चालतो आणि शेवटी नव्याण्णवपाशी मोडतो. शंभराच्या उंबरठ्यावर येऊन भाषेने आपलाच नियम सोडला. मोठ्या माणसांना यात मौज वाटते, मलाही वाटते. परंतु मूल या साऱ्या गोष्टी मुकाट्याने पाठ करते, आणि पाठ झाल्या नाहीत तर त्याची गणना 'ढ' मुलांत होते.

बिडकीनच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या एकाच संस्थानात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चारही भाषा बोलणारी मुले शाळेत जात. तेलुगू मुलगा एकविसाला 'इरवै ओकटि' म्हणे, म्हणजे वीस एक. कानडी मुलगा 'इप्पत्तोंदु', तेही वीस एकच. एकाच राज्यात, एकाच वयाची मुले, आणि बिलोली-देगलूरपलीकडील मुलाला हे उलटे लिहिण्याचे कोडे कधी पडलेच नाही. उर्दूत 'इक्कीस', तेथे मराठीप्रमाणेच एकक आधी. मात्र उर्दू वाचणाऱ्याची नजर उजवीकडून येते, तेव्हा संख्येतील एककच तिला आधी भेटतो, हा एक योगायोग गमतीचा आहे.

आणि मोठा भाग आधी सांगण्याची रीत मराठीस अगदीच परकी आहे असेही समजू नये. खेड्यातील म्हाताऱ्या बायका 'दोन विसा आणि पाच' अशी मोजणी करीत आल्या आहेत. दोन विसा म्हणजे चाळीस, आणि पाच विसा म्हणजे शंभर. जिला अक्षर ओळख नव्हती तिच्या हिशेबात चूक होत नसे, आणि तिची संख्या आपल्या पाटीवरील अंकांप्रमाणेच मोठ्याकडून धाकट्याकडे जाई.

२०१९ च्या जूनमध्ये हा प्रश्न वर्गाबाहेर पडून सबंध महाराष्ट्रात गाजला, हे आपणापैकी पुष्कळांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसास 'वीस एक', बासष्टास 'साठ दोन' असे वाचण्याची रीत दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेले हे शब्द आणि त्यांचा उलटा क्रम यांमुळे मुले बिचकतात, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे काय झाले? वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, विधानसभेत आडनावांवर कोट्या झाल्या, मराठी भाषा बुडाली असा आक्रोश झाला. नारळीकरबाई १७ जुलै २०२३ रोजी निवर्तल्या. त्यांच्या सूचनेशी कोणी सहमत व्हावे वा न व्हावे. पण त्या गदारोळात ज्या मुलासाठी ती सूचना होती, त्याच्या पाटीकडे पाहण्यास फारच थोड्यांना सवड झाली, असे माझे मत आहे. त्रेसष्ट हा शब्द सुंदर आहे, यात वाद नाही. तो सात वर्षांच्या मुलाच्या हातून उलटा का लिहिला जातो, एवढाच प्रश्न होता.

हा प्रश्न आपल्या एकट्याचाही नव्हे. जर्मन भाषेत अजून 'एक आणि वीस' असाच क्रम आहे. नॉर्वेत तोच होता. तेथे टेलिफोनचे आकडे सांगता-लिहिताना घोटाळे होऊ लागले, तेव्हा तेथील संसदेच्या निर्णयाने १ जुलै १९५१ पासून शाळांत व सरकारी व्यवहारात 'वीस एक' अशी रीत सुरू झाली. कायदा झाला म्हणून जीभ लगेच वळत नाही. जुनी रीत तेथील घरांतून त्यानंतरही कित्येक दशके ऐकू येत राहिली, आणि त्यामुळे नॉर्वेजियन भाषा बुडाल्याचे ऐकिवात नाही. चेक भाषेचे उदाहरण तर आपल्याला अधिक उपयोगाचे. तीत दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात वर्षांच्या चेक मुलांना आकडे दोन्ही रीतींनी सांगून लिहावयास लावले. मुले तीच, आकड्यांचा प्रकार तोच. पण एकक आधी सांगितला म्हणजे अंकांची उलटापालट वाढे. तेव्हा दोष मुलाच्या बुद्धीत शोधण्यापूर्वी शब्दाच्या घडणीत शोधावा, याला आता चांगला आधार आहे.

कोणी म्हणेल, मुले आज ना उद्या शिकतातच. आपण नाही का शिकलो? आपण शिकलो हे खरे. परंतु आपणाला घरी कोणीतरी होते. बाजाराची यादी वाचून दाखविणारे, पंचांगातील तारीख विचारणारे, चूक झाली तर हसून दुरुस्त करणारे. ज्या घरात संध्याकाळी अभ्यास घेणारे कोणी नाही, किंवा ज्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि जे त्यांच्याबरोबर कारखान्याच्या तळावर जाते, अशा मुलाला मराठवाड्यात हे सारे वर्गातच मिळावे लागते. वर्गात ते मिळाले नाही तर पुढची पायरी हातच्याची. ५३ मधून २८ वजा करावयाचे असता ज्याच्या मनात ५३ आणि ३५ यांची अदलाबदल होते, त्याने हातचा कोठून आणावा? २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागात झालेल्या 'असर' पाहणीत तिसरीच्या मुलांपैकी हातच्याची दोन अंकी वजाबाकी करू शकणारी मुले सुमारे ३४ टक्के निघाली. याला कारणे अनेक आहेत, आणि सगळा भार आकड्यांच्या नावांवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि मराठी मुलाच्या वाटेतील हा एक धोंडा असा आहे की तो उचलण्यास पैसा लागत नाही.

तो कसा उचलावा? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर आपल्या जुन्या उजळणीतच अर्धे दडलेले आहे. "दोनावर एक एकवीस, दोनावर दोन बावीस" ही चाल आपल्या आजोबांच्या कानांत होती. "पाचावर तीन त्रेपन्न" यात काय आहे? आधी पाच, मग तीन, म्हणजे पाटीवरचा क्रम. आणि शेवटी भाषेतले नाव. पंतोजींनी दोन्ही रीतींची गाठ एका ओळीत मारून ठेवली होती. तिचे वैगुण्य एवढेच की ती सुरावर म्हटली जाई आणि पाच म्हणजे पाच दशक हे सुरात वाहून जाई. त्या पाचाखाली काड्यांचे पाच गठ्ठे ठेवले की काम झाले. मुलाने गठ्ठ्यांवर हात ठेवून "पन्नास" म्हणावे, सुट्या काड्यांवर ठेवून "आणि तीन" म्हणावे, आणि मग "त्रेपन्न" म्हणावे. असे काही आठवडे चालले म्हणजे मधला टप्पा आपोआप गळतो. त्रेपन्न हे नाव कोठेही जात नाही, दुकानात, एस.टी.च्या तिकिटावर, आजीच्या तोंडी ते राहणारच आहे, आणि मुलाला ते आलेच पाहिजे.

आपल्यासारख्या घरांतून करण्याजोगे थोडे आहे. नातवंडाची पाटी पाहताना ३५ दिसले तर "अरे, एवढे साधे येत नाही?" असे म्हणण्याऐवजी "वाच पाहू" असे म्हणावे. पुष्कळदा मूल स्वतःच "पस्तीस" असे वाचते, थबकते आणि बोटाने पुसून टाकते. ऐकून लिहिण्यास आकडे देताना आरंभी चव्वेचाळीस, पंचावन्न, सहासष्ट असे जोडअंकी आकडे देऊन भीती मोडावी. मग बावन्न-पंचवीस, त्रेचाळीस-चौतीस अशा जोड्या द्याव्यात आणि दोन्हींच्या काड्या मांडावयास सांगावे. एकोणतीस, एकोणचाळीस यांना निराळा दिवस ठेवावा. त्या दिवशी तीन गठ्ठे मांडून त्यांतील एक काडी काढून घ्यावी, म्हणजे 'एक उणे' डोळ्यांना दिसते. शंभराच्या पुढे जाण्याची घाई करू नये. एकशे त्रेपन्नात शतक आधी, मग एकक, मग दशक असा तिहेरी फेरा आहे. तो ज्याला दोन अंकांची वाट पक्की झाली आहे त्यालाच झेपतो. आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंचे मूल दुसरीत असेल, तर रविवारी आपल्या नातवंडाच्या काड्या त्यालाही मोजावयास द्याव्यात.