गव्हाणीतली वनौषधी : श्रद्धा हवी, हिशेबही हवा

(गोपालकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले. या गौरवाने आपण सारे आनंदलो. परंतु मातेची खरी सेवा तिच्या ताटात काय वाढले यावरून ठरते. म्हणून आज गव्हाणीविषयी, विशेषतः दूध वाढावे म्हणून गव्हाणीत पडणाऱ्या वनौषधींविषयी बोलणार आहे. मी पशुवैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. प्रश्न विचारणे हे माझे काम, आणि तेच मी येथे करणार आहे.

आपल्या घरांत बाळंतिणीला डिंक, अळीव, बाळंतशेपा आणि मेथी देतात. त्याच हातांनी व्यालेल्या गायीपुढेही गूळ, मेथी, शेपा, ओवा ठेवला गेला. चरकसंहितेत ‘स्तन्यजनन’ नावाचा दहा द्रव्यांचा स्वतंत्र गणच आहे. त्यात वाळा, साळ, दर्भ, कुश, काश अशी बहुतेक तृणांचीच मुळे आहेत. आज बाजारात सर्वाधिक गाजणारी शतावरी मात्र त्या दहांत नाही. दूध वाढविणारी म्हणून तिची कीर्ती पुढील वैद्यपरंपरेने रुजविली. याचा अर्थ आपली परंपरा एका ग्रंथापाशी थांबली नाही. ती पाहत राहिली, पारखत राहिली. हा पारखण्याचा वारसा आपण चालविणार आहोत की डब्यावरील चित्राला नमस्कार करून मोकळे होणार आहोत?

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत संकरित गायींवर शतावरीच्या चाचण्या झाल्या असून अशा काही प्रयोगांतून आशादायक निष्कर्ष निघाले आहेत. परंतु असे बहुतेक प्रयोग थोड्या गायींवर व थोड्या काळापुरते झालेले असतात. शिवाय मुळी कोणत्या वयाची, कशी वाळविलेली, त्यात भेसळ किती, यावर गुण अवलंबून असतो. प्रयोगशाळेतील शतावरी आणि बाजारातील पुडीतील शतावरी एकच असेल याची हमी कोण देणार?

येथे एक मोठी फसगत होते. गाय व्याली की तिचे दूध पहिले सहा ते आठ आठवडे निसर्गतःच चढत जाते. चूर्ण नेमके याच काळात सुरू केले जाते, आणि चढत्या दुधाचे सारे श्रेय त्याच्या पदरात पडते. यास्तव निदान दोन सारख्या गायी घ्याव्यात. वेतही सारखे आणि व्याल्यापासूनचे दिवसही सारखे असावेत. एकीला चूर्ण द्यावे, दुसरीला देऊ नये, आणि दोघींचे दूध व फॅट रोज वहीत मांडावे. समजा, चूर्णाला दिवसाला २४ रुपये लागतात आणि दुधाला लिटरमागे ३० रुपये मिळतात. मग ८०० मिली दूध वाढले तर कोठे खर्च निघेल; नफा त्यानंतरचा.

वस्तुतः दूध तयार होते ते चाऱ्यातून आणि पाण्यातून. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. गायीला शरीरपोषणासाठीच्या खुराकाशिवाय दर अडीच लिटर दुधामागे साधारण एक किलो पशुखाद्य द्यावे, असा सर्वमान्य आडाखा आहे. हिरवी वैरण, सुका चारा, क्षार मिश्रण आणि दिवसभर स्वच्छ पाणी एवढे झाल्यावर वनौषधीचा विचार करावा. उपाशी गायीला शतावरी देणे म्हणजे चुलीत लाकूड नसताना फुंकणी फुंकणे होय.

आरोग्याच्या बाबतीत मात्र वनस्पतींचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत आहे. प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराने रोगजंतू औषधांना दाद देईनासे होतात. याच चिंतेतून केंद्र शासनाने २०१९ मध्ये दुभत्या व अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांमध्ये कोलिस्टिन या औषधाच्या वापरावर बंदी घातली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाहासाठी एका घरगुती लेपाचा प्रसार केला आहे. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून तो कासेवर दिवसातून अनेक वेळा लावावयाचा असतो. परंतु गायीला ताप असेल, तिने चारा सोडला असेल किंवा व्याल्यानंतर ती उठत नसेल, तर क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यास बोलवावे. दूधज्वरात गायीला तातडीने कॅल्शियम लागते. तेथे चूर्णाची वाट पाहणे तिच्या जिवावर बेतते.

मित्रहो, दोन-तीन गायींवर ज्याचे घर चालते, त्याने प्रत्येक पुडीसाठी मोजलेला पैसा पेंडीतून वजा होत असतो. खोट्या दाव्याने तो फसला तर उद्या तो दुकानदाराला नव्हे, आयुर्वेदालाच नावे ठेवील. म्हणून आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच सर्वांत कठोर परीक्षक व्हावयास हवे. आज घरी गेल्यावर गोठ्यात एक वही आणि एक पेन्सिल टांगा. सायंकाळच्या धारेची नोंद तीत करा, आणि पुढील मेळाव्यास येताना ती वही सोबत आणा.