मुक्या तबकड्यांचे राखणदार

ग्रामोफोनच्या तबकड्या जपणारा रसिक सर्वांच्याच परिचयाचा असतो. परंतु एके काळीं चित्रपटांच्याही तबकड्या निघत, आणि त्यांचा व्यवहार बंद पडल्यावरही त्या जमविणारे लोक अमेरिकेंत, युरोपांत व जपानांत आहेत, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. जी वस्तु तिच्या जन्मदात्यांनींच टाकून दिली, ती इतक्या निष्ठेनें कां सांभाळावी?

या प्रश्नाच्या उत्तरापूर्वीं तबकड्यांचा वृत्तांत थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. १९७८ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील अटलांटा शहरीं फिलिप्स व एम.सी.ए. या कंपन्यांची चित्र-तबकडी विक्रीस आली. हीच पुढें ‘लेझर डिस्क’ या नांवानें प्रसिद्ध झाली. ती सुमारें ३० सेंटिमीटर व्यासाची व रुपेरी असे. तिच्यांतील सूक्ष्म खळगे लेझरचा किरण वाची. सुई नसल्यामुळें घर्षणाचा प्रश्नच नव्हता. १९८१ च्या मार्चमध्यें आर.सी.ए. कंपनीनें निराळा मार्ग पत्करला. तिची तबकडी म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीची धाकटी बहीणच! तिच्यावर खांचा होत्या आणि त्यांतून खरोखरीची सुई फिरे. धुळीचा कण किंवा बोटाचा स्पर्श बाधूं नये म्हणून ही तबकडी प्लॅस्टिकच्या पातळ पेटींत बंदिस्त असे.

परंतु त्याच वेळीं व्हिडिओ कॅसेट घरोघर शिरत होती. फितीवर घरच्या घरीं मुद्रण करतां येई. या तबकड्यांवर तें करतां येत नसे. आर.सी.ए.नें १९८४ सालीं यंत्रांचें उत्पादन थांबविलें. लेझर डिस्क मात्र जपानांत चांगली रुजली. पुढें १९९६-९७ च्या सुमारास डीव्हीडी आली आणि तिचाही काळ सरला. २००९ सालीं पायोनियर कंपनीनें यंत्रें बनविणें सोडलें.

आतां संग्राहक नेमकें काय जपतो तें पाहावें. ‘स्टार वॉर्स’चे पहिले तीन चित्रपट १९९७ सालीं नवीं दृश्यें घालून बदलण्यांत आले. मूळ रूपें २००६ सालीं डीव्हीडीवर आलीं, तीं १९९३ च्या लेझर डिस्कसाठीं केलेल्या मुद्रणावरूनच. डिस्ने संस्थेचा १९४६ चा ‘सॉन्ग ऑफ द साउथ’ हा चित्रपट त्यांतील कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळें वादग्रस्त ठरला. अमेरिकेंत तो घरीं पाहण्यासाठीं कधींच विक्रीस निघाला नाहीं. जपानांत मात्र त्याची लेझर डिस्क निघाली होती. चित्रपट चालू असतां अभ्यासकाचें भाष्य ऐकविण्याची प्रथाही १९८४ च्या ‘किंग काँग’च्या लेझर डिस्कपासूनच सुरू झाली. सारांश, संग्राहकाच्या कपाटांत केवळ वस्तु नसते. चित्रपट एका विशिष्ट काळीं कसा होता, याची साक्ष तेथें असते. ही साक्ष गैरसोयीची असली तरी तिचें मोल कमी होत नाहीं.

पण हें राखणदाराचें काम सुखाचें नाहीं. पुस्तक केव्हांही उघडावें व वाचावें. तबकडी मात्र यंत्रावांचून मुकी. यंत्रांतील रबरी पट्टे सैल पडतात आणि एक यंत्र जिवंत ठेवण्यासाठीं दुसऱ्या मृत यंत्राचे भाग काढावे लागतात. शिवाय लेझर डिस्कला एक अंतर्गत रोग जडतो. थर जोडणारा चिकट पदार्थ सदोष असला कीं आंतील ॲल्युमिनियम गंजूं लागतें आणि चित्रावर ठिपक्यांचा पाऊस पडूं लागतो. या रोगावर औषध नाहीं.

म्हणून कांहीं जाणत्या संग्राहकांनीं अलीकडे एक नवा उद्योग आरंभिला आहे. यंत्रांतील लेझरनें वाचलेला मूळ संकेतच ते संगणकांत उतरवून घेतात व त्यावरून चित्र पुन्हां उभें करतात. असें केल्यानें तबकडी गंजली तरी तिच्यावरील चित्रपट मागें उरतो.

संग्रह आणि सांठा यांतील भेद येथेंच कळतो. सांठा करणारा कपाटाला कुलूप लावून स्वस्थ बसतो. खरा संग्राहक आपल्यामागून येणाऱ्यांच्या हातीं कांहीं तरी सोंपवितां यावें म्हणून झटतो. निर्मात्यांनीं ज्यांकडे पाठ फिरविली, त्या तबकड्यांची आज अशाच हातांवर भिस्त आहे.