तपासणी आईची, लस लेकीची



महाविद्यालयांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल बोलायला जाते, तेव्हा बहुतेक मुलींनी या आजाराचं नाव ऐकलेलं असतं. त्याची तपासणी कुठं होते, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मग एखादी धीर करून म्हणते, "मॅडम, आमचं अजून लग्न झालेलं नाही, आम्हाला काय त्याचं?" दुसरी विचारते, "काही त्रास नसताना दवाखान्यात कशाला जायचं?"

त्रासाचं आधी बोलू. या कर्करोगाच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी हे शोधून काढलं आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. तो इतका सर्रास आढळतो की, लागण झाली म्हणून कुणाच्या वागणुकीवर बोट ठेवायचं काहीही कारण नाही. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. थोड्याजणींत तो ठाण मांडतो, पेशी बदलू लागतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला साधारण १५-२० वर्षं जातात. या सगळ्या काळात दुखत नाही, खुपत नाही. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी थांबल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, दुर्गंधी येणारं पाणी जाणं, अशी लक्षणं दिसतात तेव्हा आजार बहुधा पुढे गेलेला असतो. त्यातूनही आपल्या बायका ते अंगावर काढतात. म्हणून ही तपासणी ठणठणीत असतानाच करायची.

आपल्या देशात वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना हा कर्करोग होतो, आणि ८० हजारांच्या आसपास दगावतात. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे जेमतेम दोघींची ही तपासणी झालेली आढळली. मला याचा फार त्रास होतो, कारण मार्ग आपल्याच महाराष्ट्रात सापडलेला आहे. टाटा रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का ते पाहायचं. एवढ्यानं मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिकडे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीनं गावोगावच्या बायकांची एचपीव्ही चाचणी झाली. आयुष्यात एकदाच केलेल्या त्या चाचणीनं या आजाराचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

आता लग्नाच्या प्रश्नाकडे येते. मुलींनो, विशीत ही तपासणी तुम्हाला सहसा लागतच नाही. या वयातली लागण बहुतेक वेळा आपसूक जाते, तपासलं तर उगाच उपचार मागे लागतात. तपासणी तिशीनंतरची; एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी पंचविशीपासूनची. तुमच्या हातात आहे ती लस. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. ९ ते १४ हे तिचं उत्तम वय असलं, तरी २६ पर्यंत घेता येते. शरीरसंबंध सुरू होण्याआधी घेतली तर फायदा सर्वात जास्त, म्हणून लग्नाची वाट पाहू नका. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही, कारण लस या विषाणूच्या सगळ्या प्रकारांना अडवत नाही.

आणि तुमची आई? मावशी, काकू? त्यांचं वय आज तपासणीचं आहे. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांपुढच्या बायकांसाठी ही तपासणी योजनेत आहे. सुट्टीत घरी गेलात की चौकशी करा, पाळी संपल्यावरचा दिवस ठरवा, आईबरोबर जा. द्रावणाच्या तपासणीचा निकाल तिथल्या तिथे कळतो. तपासणारी बाईच हवी, असं ती सांगू शकते.

प्राचार्यांनाही माझी विनंती आहे. हिमोग्लोबिनची शिबिरं तुम्ही भरवताच; यंदा पालकसभेच्या दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेला बोलवा, आणि सभेला आयांनी यावं असं पत्रात लिहा.