जुनी पेनं आणि लिहिते हात

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीची पोरं मला बोलायला सांगायला आली, तेव्हा मी म्हणालो, बाबांनो, मी काही धम्माचा अभ्यासक नाही. मला येऊन जाऊन एकच काम येतं. जुनी शाईची पेनं मिळाली की मी ती उघडतो, धुतो, दुरुस्त करतो आणि लिहिती करतो. पोरं म्हणाली, काका, मग त्यावरच बोला. म्हणून आज हा विषय आपल्यापुढे मांडतो आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

पेन ही आपल्या समाजात नुसती वस्तू नाही. कुठल्याही गावातला बाबासाहेबांचा पुतळा पाहा, हातात ग्रंथ आणि कोटाच्या खिशाला पेन. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघालं, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघालं. नावातच मुका आणि बहिष्कृत, पण ते बोलू लागले ते लेखणीतून. अखेरच्या रात्रीसुद्धा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद बाबासाहेबांनी आपल्याजवळ ठेवून घेतले होते. ज्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारलं गेलं, त्या हातांत पहिल्यांदा पेन आलं तेव्हा त्याचं मोल काय वाटलं असेल, हे आजच्या मुलांना सांगूनही कळायचं नाही.

माझे वडील आमच्या घराण्यातले पहिले मॅट्रिक. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी एक काळं पेन घेतलं. एबोनाईटचं, ड्रॉपरने शाई भरायचं. दुकानदाराकडून त्यावर आपलं पूर्ण नाव कोरून घेतलं, वडिलांच्या नावासकट. संध्याकाळी ते कामावरून आले, की दारात दोन-चार माणसं उभी असायचीच. कुणाचं गावी पाठवायचं पत्र, कुणाचा मनिऑर्डरचा फॉर्म, कुणाचा साहेबाला द्यायचा अर्ज. वडील चहा घेत आणि लिहायला बसत. पैसे कधी घेतले नाहीत. आपल्या विहाराच्या कपाटात इतिवृत्ताची पहिली वही आहे, तिच्यातलं निळं तिरकं अक्षर त्याच पेनाचं आहे.

ते गेल्यावर पेन माझ्याकडे आलं. आतली शाई सुकून खडा झालेली. पेन मळून तपकिरी पडलेलं. मला वाटलं, वडिलांची आठवण आहे, चांगली चकचकीत करून ठेवावी. कडक पाण्यात ते रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी बघतो तर रंग आणखीच उतरलेला, अगदी शेणासारखा हिरवट-तपकिरी. मग घाबरून पितळेची भांडी घासायचं पॉलिश घेतलं आणि फडक्याने तासभर घासलं. पेन काळं झालं, चमकायला लागलं. मी खूश होऊन आईला दाखवायला गेलो. आईने ते उन्हाकडे धरलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, “नाव कुठं गेलं रे?”

मंडळी, मी ते नाव स्वतःच्या हाताने पुसून टाकलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्या कमाईने आपलं नाव कोरून घेतलं, त्याच्याच मुलाने ते घासून काढलं. या कामाची माझी सुरुवात अशी झाली. हौस म्हणून नाही, चूक कळली म्हणून.

त्यानंतर मी शिकायला लागलो. एबोनाईट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून तापवून कडक केलेला पदार्थ. वर्षानुवर्षं उजेड लागला, की त्याचा पृष्ठभाग बिघडतो, आणि मग पाणी, विशेषतः गरम पाणी लागलं की रंग उडतो. घाण नव्हतीच ती. पेनाचं वय होतं ते. मला ठाऊक असतं तर मी ओल्या फडक्याने पुसून तसंच ठेवलं असतं.

आता थोडं पेनाबद्दल सांगतो, म्हणजे मुलांनाही कळेल. आधी बोरू होता, मग टाक आला. दौतीत बुडवायचा, चार शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायचा. आपल्या घटनेची मूळ इंग्रजी प्रतसुद्धा छापलेली नाही. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ती बुडवायच्या टाकाने सुंदर अक्षरात लिहिली आणि २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या सदस्यांनी तिच्यावर सह्या केल्या. शाई पोटात घेऊन चालणाऱ्या पेनाची खरी अडचण एकच होती. शाई बाहेर यायची तर तिच्या जागी हवा आत गेली पाहिजे. हवा नीट गेली नाही तर पेन अडतं, एकदम गेली तर डाग पडतो. न्यूयॉर्कमधल्या लुईस वॉटरमन या विमा एजंटाने १८८४ साली याचं पेटंट घेतलं. निबच्या खाली जी काळी जीभ असते, तिला फीड म्हणतात. तिच्यात त्याने बारीक खाचा पाडल्या. त्या खाचांतून शाई खाली उतरते आणि हवा वर चढते. आजही साध्यातलं साधं शाईपेन याच तत्त्वावर चालतं.

पुढे अमेरिकेतल्याच शेफर नावाच्या एका जवाहिऱ्याने पेनाच्या पोटात रबरी पिशवी आणि बाजूला एक खटका बसवला, त्याचं पेटंट १९०८ चं. खटका उचलला की पिशवी दबते, सोडला की शाई ओढून घेते. १९४१ साली पार्कर ५१ बाजारात आलं. त्याची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, कारण आतली शाई सुकू नये. आपल्याकडे पुष्कळांनी वापरलेलं चिनी हिरो पेन त्याच ठेवणीचं. आपल्या देशातही राजमहेंद्रीला रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात पेनं बनवायला घेतली. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची भुकटी आणि गोळ्या करायला सुरुवात केली, तीच पुढची कॅम्लिन. आपल्यातल्या कित्येकांची शाळेतली बोटं त्याच शाईने निळी झालेली आहेत.

माझ्याकडे येणारी दहातली आठ पेनं मोडलेली नसतात, नुसती तुंबलेली असतात. लोक समजतात पेन मेलं. त्याला काही औषध लागत नाही. निबेचा भाग रात्रभर साध्या थंड पाण्यात ठेवायचा, पाणी निळं झालं की बदलायचं. दोन दिवस, चार दिवस, घाई करायची नाही. स्पिरिट मात्र लावायचं नाही, जुन्या सेल्युलॉईडच्या पेनाला ते खाऊन टाकतं. आणि सेल्युलॉईड भडकन पेट घेतं, म्हणून मेणबत्ती, काडी जवळ आणायची नाही. रबरी पिशवीचं पेन असेल तर पिशवी हमखास वाळून पापडासारखी झालेली असते. गळ्याचा भाग केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट हवेने हळूहळू शेकायचा. पिशवी लाखेने चिकटवलेली असते, ऊब मिळाली की ती लाख सैल होते. जुने तुकडे खरवडून काढायचे आणि मापाची नवी पिशवी सुतारांच्या पॉलिशच्या लाखेने चिकटवायची. वर थोडी शंखजिऱ्याची पूड. झालं काम. ड्रॉपरच्या पेनाच्या आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं, की शाई खिशात उतरत नाही.

सगळ्यात जपायची ती निब. सोन्याच्या निबेच्या टोकाला एक कठीण धातूचा मणी असतो. माणूस वर्षानुवर्षं एकाच तिरकसपणाने लिहितो, तसा तो मणी त्या बाजूने झिजतो. म्हणून दुसऱ्याचं पेन आपल्याला खरखरीत लागतं. कारागीर चटकन म्हणतो, द्या, घासून गुळगुळीत करतो. मी घासत नाही. निबेचे दोन पाय वरखाली झाले असतील तर भिंगातून बघून नखाने सरळ करतो, पण मालकाची झीज तशीच ठेवतो. वडिलांचं पेन मी धुऊन लिहितं केलं, तेव्हा ते माझ्या हातात खरखर करत होतं. सहज म्हणून मी ते वडील धरायचे तसं, थोडं उजवीकडे कलतं धरलं. आणि ते लोण्यासारखं चाललं. नाव मी पुसलं होतं, पण त्यांच्या हाताचं वळण निबेत तसंच राहिलं होतं. त्या दिवसापासून कुणाचंही पेन हातात घेताना मी आधी विचारतो, हे कुणाचं, आणि ते कसं लिहायचे?

एका उपासकाने मला मागे एक चांगला प्रश्न विचारला. “काका, एवढी पेनं जमवता, ही तृष्णाच नाही का?” मी घरी जाऊन पेनं मोजली. त्रेचाळीस निघाली. त्यांतली लिहायला मी किती वापरत होतो? तीन. बाकीची डबा उघडून बघायची आणि डबा मिटायचा. प्रश्न खरा होता. मग मी विचार केला, भिक्खूला फक्त आठ वस्तू ठेवता येतात. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, कंबरपट्टा, पाणी गाळायचं फडकं आणि आठवी सुई. एवढ्या थोड्या वस्तूंतही सुईला जागा आहे. जे आहे ते सांधून वापरावं, ही शिकवण त्यातच आली.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आनंदाची एक गोष्ट आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाने विचारलं, भन्ते, एवढ्या वस्त्रांचं काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांचं पांघरूण करू. जुन्या पांघरुणांचं? गादीचे अभ्रे. मग जमिनीवरचं बिछावणं, मग पायपुसणं, मग धूळ झाडायचं फडकं. आणि फडकं विरलं की ते मातीत कुटून जमीन सारवू. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रं दिली. म्हणजे दोष वस्तू मिळण्यात नाही. ती पडून राहण्यात आहे, वाया जाण्यात आहे.

तेव्हापासून मी नियम केला. दुरुस्त झालेलं पेन जो रोज लिहील त्याला द्यायचं. त्रेचाळीसपैकी आता अकरा उरली आहेत. त्यांतली दोन-तीन सुटत नाहीत, हेही इथे भन्तेजींच्या समोर कबूल करतो.

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. आपल्याच वस्तीतल्या एक आजी पदरात बांधून पेन घेऊन आल्या. त्यांचे मालक प्राथमिक शिक्षक होते, वारून बरीच वर्षं झाली. म्हणाल्या, “लिहितं कर बाबा, पण आतली शाई काढू नको. त्यांनीच भरलेली हाय.” मी अडचणीत पडलो. सुकलेली शाई ठेवली तर पेन लिहिणार नाही, काढली तर आजींचं मन दुखणार. वडिलांच्या पेनाच्या वेळी मी कुणाला विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं. म्हटलं, आजी, तुमच्यासमोर धुतो, एक थेंब फेकत नाही. वाटीत थोडं पाणी घेतलं, निब त्यात ठेवली. हळूहळू निळे धागे पाण्यात उतरू लागले. आजी वाटीकडे बघत बसल्या. तासाभराने पाणी चांगलं निळं झालं. तेच पाणी मी ड्रॉपरने पुन्हा पेनात भरलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. आजी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकलेल्या. त्यांनी सावकाश आपलं नाव लिहिलं, मधलं नाव मालकांचं. फिकट निळं अक्षर उमटलं. कागद घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “आता दुसरी शाई भर. नातीला देते, बारावीला हाय ती.”

म्हणून माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे. घरी माळ्यावर, ट्रंकेत, देव्हारे काढले तेव्हाच्या पेट्यांत जुनी पेनं पडली असतील, ती बघा. भंगारवाल्याला देऊ नका. सोन्याच्या निबेच्या मोहाने सोनाराला वितळवायला देऊ नका, मिळतात ते पैसे दोन दिवस पुरत नाहीत. गरम पाण्यात घालू नका, पॉलिशने घासू नका. चित्रकलेची पक्की शाई तर कधीच भरू नका. आणि पेन कुणाचं होतं, ते काय लिहायचे, हे एका चिठ्ठीवर लिहून पेनाबरोबर ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल.

जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनाला हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणा, असं आवाहन आपल्याकडे केलं जातं. फार चांगली गोष्ट आहे. त्याच्या जोडीला मी एवढंच करू शकतो, की दर रविवारी वंदनेनंतर विहारातच बसेन. तुम्ही पेन आणा, मी विनामूल्य दुरुस्त करून देईन. दोन मुलं शिकायला बसली तर फारच बरं, कारण आता माझीही नजर कमी झाली आहे. आणि समितीला एक सूचना करतो. इतिवृत्ताची ती वही आणखी जीर्ण होण्याआधी तिला नवं कव्हर घाला, आणि या वर्षाचं इतिवृत्त शाईच्या पेनाने लिहा. पेन मी देईन. वडिलांचं आहे. थोडं उजवीकडे कलतं धरावं लागतं, एवढंच लिहिणाऱ्याला सांगून ठेवा.



नमो बुद्धाय! जयभीम!